बूट, पोटरी आणि पलटणीची चाल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमचे आप्पा सुट्टीवर यायचे ते बहुधा पहाटे. रात्रीच्या गाडीने कोरेगावला उतरायचे आणि ट्रंक खांद्यावर टाकून तीन कोस चालत गावी यायचे. आळीतल्या फरशीवर खाड् खाड् आवाज झाला की आजी अंथरुणातूनच म्हणायची, "आला गं माझा सुभेदार." तेव्हा ते साधे नाईक होते. आवाज बुटांचा असायचा. बुटाच्या तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. त्या बुटात मी माझे दोन्ही पाय एकदम घालत असे, इतकी तेव्हा लहान होते.

पण मला त्या आवाजापेक्षा जास्त आठवते ती आप्पांची पुढच्या दोन-तीन दिवसांतली चाल. बूट उंबऱ्याबाहेर ठेवून ते अनवाणी शेताकडे निघायचे आणि ओल्या बांधावर हेलकावे खायचे. ज्या बांधावरून लहानपणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन ते पळत होते, त्याच बांधावर दोन्ही हात पसरून चालायचे. आजी हसायची. म्हणायची, "पलटणीनं माझ्या पोराची चाल नेली." आठवडाभरात चाल परत यायची, आणि मग सुट्टी संपायची.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. साताऱ्याजवळच्या आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त जवानांची संख्या मोठी. कुणाची नडगी दुखते, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला. त्यांचे पाय बघताना आजीचे ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवायचे. पलटण चाल नेते म्हणजे नक्की काय करते? आज मी तुम्हाला सांगणार आहे ती या एका प्रश्नाच्या मागे लागून वाचलेली आणि पाहिलेली हकिकत आहे.

आधी एक साधी गोष्ट. सरळ उभा राहिलेला माणूस कधीच स्थिर नसतो. तुम्ही आत्ता उभे राहून डोळे मिटलेत तर अंग किंचित पुढे-मागे झुलते आहे हे कळेल. शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणून पोटरीचा स्नायू आपल्याला सतत मागे खेचून धरतो. नडगीच्या पुढचा स्नायू गरजेपुरती साथ देतो. तोल कुठे चालला आहे याची खबर आधी देतो तो तळपाय. तिथल्या कातडीला दाब कळतो, घोट्याच्या सांध्याला कोन कळतो, आणि ती खबर वर पोहोचून पोटरीला हुकूम सुटतो. त्वचेवर छोट्या चकत्या चिकटवून स्नायूतल्या विजेच्या लहरी मोजण्याचे यंत्र असते. त्याच्या पडद्यावर शांत उभ्या माणसाच्या पोटरीची कुजबूज दिसते. जॉन बास्माजियन या संशोधकाने १९६०च्या दशकात याच पद्धतीने दाखवून दिले की नुसते उभे असताना तळपायाची कमान मुख्यतः हाडे आणि त्यांना बांधणारे बंध सांभाळतात. पाऊल उचलले की मग लहान लहान स्नायू कामाला लागतात.

आता या व्यवस्थेवर तुम्ही जाड चामडे, कडक तळ आणि घोट्याच्या वर बांधलेली नाडी चढवा. खबर देणारा तळपाय बहिरा होतो, घोटा जखडला जातो, आणि पाऊल जड होते. तरीही सैन्याला बूट हवेच असतात. काटे, खडे, चिखल, बर्फ आणि शत्रूचे खिळे यांच्यापुढे अनवाणी पाय टिकत नाही. म्हणजे प्रश्न बूट हवा की नको, हा नाहीच. बूट घेतो काय आणि देतो काय, याचा हिशोब किती उशिरा मांडला गेला, ही खरी गोष्ट आहे.

अठराव्या शतकातल्या युरोपी सैन्यांत डावा आणि उजवा असा बूटच नव्हता. एकाच सरळ साच्यावर, कारागीर ज्याला फर्मा म्हणतात त्यावर, दोन्ही बूट बेतायचे. ब्रिटिश सैन्यात तर हुकूम असे की सैनिकाने बूट रोज पायांत अदलाबदल करून घालावेत, म्हणजे ते सारखे झिजतील. चामड्याची झीज वाचवण्यासाठी पायांची झीज! याच काळात पेट्रस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने चांगला बूट कसा असावा यावर एक पुस्तिका लिहिली. इतका विद्वान माणूस बुटावर काय लिहितो म्हणून लोकांनी भुवया उंचावल्या असतील. पण पलटणीच्या फर्म्यावर तिचा परिणाम व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

इथे मला मार्क ब्रुनेल यांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. टेम्स नदीखालून बोगदा काढणारे तेच हे अभियंते. १८०९ साली स्पेनमधल्या कोरुन्याहून हरून परतलेले ब्रिटिश सैनिक त्यांनी पाहिले, तेव्हा अनेकांच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. ठेकेदारांनी पुरवलेल्या बुटांच्या तळात चामड्याच्या दोन थरांमध्ये चिकणमाती भरलेली असे आणि पहिल्याच पावसात ती विरघळे, असेही सांगितले जाते. ब्रुनेल यांनी बॅटरसी येथे बूट करण्याची यंत्रे उभी केली. तळ टाक्यांऐवजी धातूच्या खिळ्यांनी ठोकायचा, वेगवेगळ्या मापांत बूट काढायचे आणि कामावर लढाईत जायबंदी झालेले सैनिक घ्यायचे. योजना सुंदर होती. पण १८१५ साली वॉटर्लूची लढाई संपली, शांतता झाली आणि सरकारने खरेदी थांबवली. बुटांचे ढीग पडून राहिले. इतर व्यवहारांतही खोट येऊन १८२१ साली ब्रुनेल कर्जापायी तुरुंगात गेले. सैनिकाच्या पायांची आठवण फक्त लढाई चालू असतानाच येते, हे तेव्हापासूनचे आहे.

पाय मोडतो तो फक्त गोळीने, अशी समजूत बराच काळ होती. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लिहून ठेवले की लांब कूच करून आलेल्या जवानांचे पाय सुजतात, दुखतात, आणि मार लागल्याची खूण कुठे दिसत नाही. कारण कुणाला सापडेना. पुढे क्ष-किरण आले आणि १८९७ साली कोडे सुटले. बोटांमागच्या लांब हाडांना बारीक तडा गेलेला असतो. एका मोठ्या आघाताने नव्हे, हजारो लहान आघातांनी. स्नायू थकला की हाडावरचा धक्का तो झेलेनासा होतो आणि मग हाड भरपाई करते. आजही त्याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले नडगी किंवा पाऊल धरून माझ्याकडे येतात, तेव्हा तेच दुखणे काही वेळा नव्या नावाने आलेले असते.

बुटाचा हिशोब पायाच्या बाजूने मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर एडवर्ड मन्सन. त्यांच्या मंडळाने चार वर्षे खपून सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले. बुटात पाय असताना क्ष-किरण चित्रे काढली. त्यांत दिसले ते असे की दिखाऊ निमुळत्या बुटात बोटे एकमेकांवर चढलेली, अंगठा आत ढकललेला. १९१२ साली मन्सन यांचे 'सैनिकाचा पाय आणि लष्करी बूट' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले आणि अमेरिकी सैन्याने त्यांच्या फर्म्यावर बूट काढायला सुरुवात केली. पुढे ऐसपैस, बोटांना जागा देणारा, आतली कड सरळ असलेला. माप घेण्याची रीतही त्यांनी बदलली. जवानाने पाठीवर ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो ओझे घ्यायचे, सगळा भार एका पायावर टाकायचा आणि मग माप द्यायचे. कारण ओझ्याखाली पाय पसरतो. बसून दिलेले माप कूच करताना खोटे ठरते.

त्या नियमांत आणखी एक कलम होते. नवा बूट घालून जवानाने काही इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहावे, चामडे नरम झाले की तासभर सपाट जमिनीवर चालावे आणि बूट पायातच वाळू द्यावा. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून आप्पांना फोन केला. कारण हे मी आधी ऐकले होते. १९६३ साली अठराव्या वर्षी आप्पा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून गेले. पहिल्या आठवड्यात टाचा सोलून निघाल्या. तेव्हा एका जुन्या हवालदाराने सांगितले होते, "भिजीव, घाल आणि वाळंस्तवर चाल. बूट पायाला येत न्हाई, त्याला पाय दाखवावा लागतोय." त्या हवालदाराने मन्सन वाचला नव्हता. त्याला त्याच्या हवालदाराने सांगितले असणार.

मन्सन यांच्या बुटाने आकाराचा प्रश्न सोडवला, पण पाच-सहा वर्षांतच तो फ्रान्सच्या चिखलात सापडला. चामडे भिजून फाटू लागले. मग १९१८ साली जनरल पर्शिंग यांच्या नावाचा बूट आला. जाड चामडे, तीन थरांचा तळ, त्यावर खिळे, टाचेला लोखंडी पट्टी. सैनिक त्यांना 'छोटे रणगाडे' म्हणत. टिकाऊपणा आला, लवचीकपणा गेला. पाऊल पुढच्या चवड्यावर वाकू शकत नाही तेव्हा ढकलण्याचे काम पोटरीला वेगळ्याच तऱ्हेने करावे लागते, आणि उरलेले मांडी व कंबर करते. हे मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. दुखणे मात्र होते.

त्याच चिखलात आपली माणसेही होती. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्य फ्रान्समध्ये उतरले. त्यात मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस नव्ह शापेल या गावाच्या गल्ल्यांतून त्या लढल्या. मग हिवाळा आला. खंदकात गुडघाभर थंड पाणी, दिवसरात्र तेच बूट. पाय आधी बधिर होत, मग सुजत, मग काळे पडत. पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातल्या सुमारे २० हजार जणांना या 'ट्रेंच फूट'वर उपचार घ्यावे लागले. लोखंडी खिळे जमिनीची थंडी थेट तळपायाला पोचवत. आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या सुजलेल्या पायाचे रक्त आणखी अडवत.

या पट्ट्यांची गंमत बघा. इंग्रजीत त्यांना 'पटी' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच 'पट्टी'वरून गेलेला. डोंगराळ भागातले लोक थंडी-काट्यापासून रक्षण म्हणून पोटरीला कापड गुंडाळत. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याने ते उचलले आणि जगभर नेले. कल्पना अशी की आवळलेली पोटरी कमी थकते. काही अंशी आधार वाटतोही. पण स्नायू आकुंचन पावताना फुगतो, त्याला जागा लागते, आणि पोटरीच्या त्याच आकुंचनाने पायातले रक्त वर ढकलले जाते. डॉक्टर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. घट्ट पट्टी म्हणजे त्या हृदयाला बांधून घालणे. शेवटी उपाय सापडला तो बुटात नव्हे तर शिस्तीत. रोज बूट काढायचे, पाय पुसायचे, देवमाशाचे तेल चोळायचे, कोरडे मोजे घालायचे आणि अधिकाऱ्याने स्वतः जवानांचे पाय तपासायचे. साहेबाने शिपायाच्या पायाशी वाकून बघणे, हे त्या काळी लहान पाऊल नव्हते.

पण असे धडे विसरायला वेळ लागत नाही. आप्पा भरती झाले त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, आपले जवान हिमालयात सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून गेले होते. ते सारे पुष्कळांनी लिहिले आहे, मी त्यात शिरत नाही. वीस वर्षांनी, १९८२ साली फॉकलंड बेटांवर लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या पायात आखूड बूट होते आणि घोट्याला चक्क पट्ट्याच होत्या. बुटांत पाणी शिरले आणि ट्रेंच फूट परत आले. काहींनी तर कैद केलेल्या अर्जेंटिनी सैनिकांचे बूट काढून पायात घातले. त्यानंतर ब्रिटिशांनी उंच बूट आणला. मधल्या काळात व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी उलटे केले होते. पाणी अडवता येत नाही तर निचरा करू म्हणून कॅनव्हासची वरची बाजू आणि कडेला भोके. फक्त जमिनीत रोवलेल्या बांबूच्या टोकदार खुंट्यांपासून वाचण्यासाठी तळात पोलादी पत्रा घातला. पाय वाचला, तळ पुन्हा कडक झाला.

आता वजनाकडे येते, कारण पोटरीला ते सगळ्यात आधी कळते. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी हलक्या बुटांचा आग्रह धरला होता. पायातले ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी पट महाग पडते, असे गिर्यारोहक अनुभवाने सांगत. १९६९ साली सूल आणि गोल्डमन या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या दोघांनी ते मोजले. एक किलो वजन पायाला बांधून चालायला लागणारी शक्ती ही तेवढेच वजन अंगात असताना लागते त्याच्या साधारण चार ते सहा पट निघाली. कारण उघड आहे. पाठीवरचे ओझे बऱ्यापैकी सरळ रेषेत पुढे जाते, पायातले मात्र प्रत्येक पावलाला थांबते, उचलले जाते आणि पुढे फेकले जाते. पाऊण मीटरचे पाऊल धरले तर दहा किलोमीटरमध्ये एकेक पाय साडेसहा हजारांहून जास्त वेळा उचलावा लागतो. बूट एक किलोचा असेल तर हिशोब तुम्हीच करा.

एव्हरेस्टचा विषय निघाला म्हणून सांगते. शिखराच्या आदल्या रात्री हिलरींनी बूट काढून ठेवले आणि सकाळी ते गोठून दगड झाले. स्टोव्हवर धरून नरम करण्यात दोनेक तास गेले. तेनसिंग बूट घालूनच झोपले होते. असो.

सैन्याचे बूट घोट्याच्या वर जातात ते घोटा मुरगळू नये म्हणून. हे खरेही आहे. छत्रीधारी सैनिकांना बुटावरून बाहेरचा टणक आधार दिला तर उडी घेताना घोटे मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे तपासलेले आहे. पण चालताना काय होते? २०१० साली जर्मनीतल्या दोन संशोधकांनी तपासले. दोन गिर्यारोहणाचे बूट, फरक मुख्यतः वरच्या नळीच्या ताठरपणाचा. ओबडधोबड पृष्ठभागावर लोकांना चालवले. ताठर बुटात घोटा कमी हलला आणि त्याने धक्काही कमी पचवला. पण गुडघ्याभोवतीचे पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी जास्त आवळले जाऊ लागले. म्हणजे घोट्याने सुट्टी घेतली आणि गुडघ्याला जादा पाळी लागली.

दुसरा प्रयोग इस्रायली सैन्यातला, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. ३९० रंगरूटांपैकी काहींना नेहमीचे लष्करी बूट दिले आणि काहींना बास्केटबॉलच्या बुटांत थोडे बदल करून दिले. चौदा आठवडे प्रशिक्षण. मऊ बूटवाल्यांच्या पावलांची दुखणी कमी झाली, पावलाच्या लांब हाडांना तडे कमी गेले. पण नडगी आणि मांडीसकट एकूण दुखापती मोजल्या, तर दोन्ही गटांत फरक पडला नाही.

हे दोन प्रयोग वाचले आणि आजीच्या वाक्याचा मला उलगडा झाल्यासारखे वाटले. बूट भार नाहीसा करत नाही, तो सरकवतो. तळपायाकडून नडगीकडे, नडगीकडून गुडघ्याकडे. मन्सन यांनी बोटे सोडवली, पर्शिंग यांच्या बुटाने पाऊल जखडले, पट्टीने पोटरी आवळली, नळीने घोटा. प्रत्येक पिढीने शेवटच्या लढाईतले दुखणे पाहून बूट बदलला आणि दुखणे पुढच्या सांध्याला दिले. माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त जवानांचे गुडघे मी नुसते गुडघे म्हणून तपासत होते, ते मी तिथून बंद केले. आता आधी पाऊल बघते.

हे सगळे माहीत असूनही माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. आप्पा नायब सुभेदार म्हणून १९८७ साली निवृत्त झाले. नंतरही ते घरी पातळ तळाच्या चामडी चपला नाहीतर जुने कॅनव्हासचे बूट घालत. सत्तरी झाल्यावर त्यांचे पाय दुखायला लागले. मी २०१६ साली त्यांच्यासाठी जाड, गुबगुबीत तळाचे महागडे खेळाचे बूट आणले. त्यांनी घालून पाहिले, म्हणाले, "गादीवर उभं राहिल्यागत वाटतंय गं." मला ती तारीफ वाटली. तिसऱ्या दिवशी अंगणात, तुळशीजवळ, कुठे ठेच नाही की पाणी नाही, ते कलले आणि पडले. उजवे मनगट मोडले. प्लास्टर घालताना ते डॉक्टरांना म्हणाले, "खाली जमीन हाय का न्हाई, त्येच कळंना."

ते शब्द मी नंतर वेगळ्या भाषेत वाचले. मॉन्ट्रियलच्या स्टीव्हन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली वृद्ध पुरुषांना वेगवेगळ्या तळांचे बूट घालून अरुंद तुळईवर चालवले होते. जाड आणि मऊ तळाच्या बुटात तोल जास्त वेळा गेला. पातळ आणि टणक तळात सर्वांत कमी. मऊ तळ दाबला जातो, पाऊल आत हलते, आणि तळपायाला नेमका कोन कळत नाही. पोटरीला हुकूम उशिरा पोचतो. तो प्रबंध निघाला तेव्हा मी शाळा-कॉलेजच्या मधे कुठेतरी होते. पण २०१६ साली मला तो माहीत असायला हवा होता. मी मऊपणा म्हणजे आराम आणि आराम म्हणजे सुरक्षितता असे धरून चालले. ज्या माणसाचे पाय चोवीस वर्षे कडक तळावर तोल सांभाळायला शिकले होते, त्याच्याखालची जमीन मी एका दिवसात काढून घेतली. आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. ते बूट मात्र त्यांनी माळ्यावर टाकले आणि आईला सांगितले, "पोरीला म्हणू नगंस."

गेल्या वीसेक वर्षांत लष्करी बुटांच्या संशोधनात हीच रस्सीखेच दिसते. एकीकडे हलके, पातळ तळाचे, पाऊल वाकू देणारे बूट, दुसरीकडे नेहमीचे जड आणि उंच. दोन्ही घालून जवानांसारखी ओझ्याची चाल करायला लावायची, मग एका फळीवर उभे करायचे, झोके मोजायचे आणि पोटरी-मांडीच्या लहरी नोंदवायच्या. निकाल एका शब्दात सांगता येईल असे नाहीत. हलका बूट पावलाला मोकळे करतो, पण ज्याचे स्नायू त्या कामाला तयार नाहीत त्याच्या पोटरीवर अचानक ताण येतो. जड बूट आधार देतो आणि तासाभराने त्याचे भाडे वसूल करतो. अमेरिकी सैन्यात २००९-१० च्या सुमारास हजारो रंगरूटांना तळपायाच्या कमानीनुसार निवडून धावण्याचे बूट दिले गेले, तरी दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझ्या मते बुटापेक्षा बदल किती सावकाश केला याला महत्त्व आहे. आप्पांची बांधावरची चाल परत यायला आठवडा लागायचा, तो आठवडा मी तेव्हा मोजला नव्हता.

सध्या माझा भाचा सैन्यभरतीची तयारी करतो आहे. आमच्याकडच्या मुलांना धावण्याच्या वेळेइतकीच धास्ती असते ती सपाट पायाची. तळपायाला कमान नाही म्हणून परत पाठवलेली मुले प्रत्येक गावात आहेत. १९९२ साली मणिपालच्या दोन डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८ टक्के. एवढ्यावरून बुटानेच पाय सपाट होतो असे म्हणणे धाडसाचे होईल, पण लहान मुलांना घरात-अंगणात अनवाणी खेळू द्या, असे मी पालकांना सांगते.

भाचा मागच्या महिन्यात नवे बूट घेऊन आजोबांना दाखवायला आला. आप्पा आता ऐंशीचे आहेत. रोज सकाळी पातळ चपला घालून, तुळशीवृंदावनाच्या कडेला एक हात टेकवून, एका पायावर उभे राहतात आणि मोजतात. मी सांगितलेला व्यायाम आहे, पण मोजतात ते परेडसारखे. भाच्याने बूट पुढे केला तशी त्यांनी आईला हाक मारून घमेल्यात पाणी आणायला सांगितले. मी म्हटले, "आप्पा, हे तुमच्या वेळचं चामडं नाही. तळ चिकटवलेला आहे, भिजवू नका." त्यांना ते फारसे पटले नाही. मग त्यांनी बूट हातात घेतला, टाच एका मुठीत आणि पुढचा भाग दुसऱ्या मुठीत धरला, आणि अंगठ्याच्या मुळाशी जिथे पाऊल वाकते तिथे तो वाकवून बघितला. पुन्हा वाकवला. मग पोराकडे देत म्हणाले, "हितं वाकतुय. आता पाठीवर गव्हाचं पोतं घे, एका पायावर हुबा ऱ्हा, आन् मग बोटं कुठं टेकत्यात त्ये सांग."